दीडशेच्या व्हर्नियरने दोनशेचा जॉब : सातवीतील विद्यार्थिनीने दिलेल्या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेचा प्रकरण अभ्यास

पुण्याच्या पेठेतील एका मराठी शाळेत, सेमी-इंग्रजी तुकडीत सातवीला शिकणारी ही मुलगी माझ्याकडे आली ती कोणत्याही अडचणीमुळे नव्हे, तर तिचे सगळेच ठीक चालले होते म्हणून. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत गणिताचे १०० पैकी १०० गुण, शाळेच्या प्रत्येक घटक चाचणीत पैकीच्या पैकी, आणि वर्गात मात्र शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानांवर जादूचे चौरस मांडण्यात गढलेली. गणिताच्या शिक्षकांची तिच्याविषयी तक्रार नव्हती; तिला वेगळे काय द्यावे हे सुचत नाही, अशी प्रामाणिक कबुली त्यांनी दिली होती. ओळख पटू नये म्हणून मी येथे काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत, गुण आणि घटनाक्रम मात्र घडले तसेच ठेवले आहेत.

कुटुंब धायरीत राहते. वडील चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात आहेत, आई पतसंस्थेत नोकरी करते, आणि जुन्नरहून आलेले आजोबा नातीच्या शाळेच्या जाण्यायेण्याची जबाबदारी सांभाळतात. शहरातील एका शिकवणीवर्गाने शाळाशाळांतून घेतलेल्या चाचणीत ही मुलगी वरच्या क्रमांकांत आली आणि ‘जेईई फाउंडेशन’ बॅचमध्ये फीच्या सवलतीसह प्रवेश देऊ, पण आठ दिवसांत निर्णय कळवा, असा निरोप घरी पोहोचला. सवलत धरूनही वर्षाची फी वडिलांच्या जवळजवळ तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती. “मॅडम, पोरीला यात घालायचं की नाही, एवढंच सांगा,” असे म्हणून ते माझ्यासमोर बसले. मला त्या प्रश्नाचे उत्तर देता येईना, कारण मुलीची गणितातील पोच नक्की कुठवर आहे हे तिच्या पालकांना, शिक्षकांना, त्या शिकवणीवर्गाला किंवा मला, कोणालाच ठाऊक नव्हते.

पैकीच्या पैकी गुण ही आपल्याकडे बातमीची सर्वांत शेवटची ओळ मानली जाते. त्यापुढे विचारण्यासारखे काही उरत नाही असे आपण समजतो. मापनाच्या दृष्टीने ही समजूत उलटी आहे. शिष्यवृत्ती परीक्षेतील गणिताचे पन्नासही प्रश्न बरोबर सोडवणाऱ्या दोन मुलांपैकी एक कदाचित त्या इयत्तेच्या काठाशी पोहोचलेले असेल आणि दुसरे तीन इयत्ता पुढे असेल, परंतु प्रश्नपत्रिका दोघांनाही तोच आकडा देते, कारण तिच्याजवळ त्याहून मोठा आकडाच नसतो. मी हे समजावून सांगत असताना वडिलांनी मध्येच मान डोलावली आणि म्हणाले, “म्हणजे दीडशेच्या व्हर्नियरनं दोनशेचा जॉब मोजायला घेतल्यासारखं झालं हे. जबडा पूर्ण उघडला तरी जॉब आत बसत नाही. मग आम्ही रीडिंग लिहीतच नाही, मोठा व्हर्नियर मागवतो.” व्हर्नियर म्हणजे जबड्यात धरून वस्तूची लांबी मोजण्याचे साधन, जॉब म्हणजे मोजायचा सुटा भाग, आणि आकडे मिलिमीटरचे. गेली अनेक वर्षे मी पालकांना जे पाच-दहा मिनिटे घेऊन सांगत आले, ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितले, आणि त्यानंतर या कुटुंबाशी झालेले माझे सगळे बोलणे त्याच भाषेत झाले.

मोठे माप कोणते घ्यायचे, हा पुढचा प्रश्न होता. बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे मुले निवडून त्यांना वेगळे शिक्षण देण्याची परंपरा पुण्याला नवी नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला सुरू झाली, तेव्हापासून या शहराला हा विषय परिचयाचा आहे. परंतु सर्वसाधारण बुद्धिमत्तेचा अंक या प्रकरणात आम्हांला फारसा उपयोगी पडणार नव्हता. मुलगी हुशार आहे यावर कोणाचे दुमत नव्हते. गणितात तिला उद्या सकाळी कोणते पान उघडून द्यायचे, हे कळायला हवे होते.

यासाठी अमेरिकेत पन्नास वर्षांहून अधिक काळ वापरात असलेली एक पद्धत आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक ज्यूलियन स्टॅन्ली यांच्याकडे आठवीत शिकणारा जोसेफ बेट्स नावाचा मुलगा आला, तेव्हा त्यांनी त्याला बारावीच्या आसपासच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली सॅट ही महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा द्यायला लावली. तिच्या निकालाच्या आधारे तो १९६९ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी त्या विद्यापीठात दाखल झाला. स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये अशा मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला आणि १९७२ मध्ये बाल्टिमोर परिसरातील मुलांसाठी पहिला प्रज्ञाशोध घेतला. त्यामागचा त्यांचा तर्क साधा होता आणि मला तो आजही पटतो. सतरा वर्षांच्या मुलाने सॅटमधील बीजगणिताचा प्रश्न सोडवला तर त्याला ते शिकवलेले असते, म्हणून त्यातील किती विचार त्याचा आणि किती शिक्षकांचा हे सांगणे कठीण जाते. तेच बारा-तेरा वर्षांच्या, तो भाग न शिकलेल्या मुलाने सोडवले तर तेथे बहुतांशी त्याची स्वतःची विचारशक्ती काम करत असते. म्हणजे परीक्षा तीच राहते, पण ती जे मोजते ते वयानुसार बदलते. स्टॅन्ली यांनी पुढे या कामाचे सूत्रही ठरवून टाकले होते : आधी निदान करणारी चाचणी, मग चाचणीत जे येत नाही असे दिसले तेवढ्याचेच शिक्षण. आपल्याकडे त्यांच्या कामाचा पहिला भाग, म्हणजे लहान वयात मोठी परीक्षा, पटकन उचलला जातो आणि दुसरा भाग तेथेच सोडून दिला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सगळे मोल त्या दुसऱ्या भागात आहे.

भारतातील प्रवेशपरीक्षांचा या कामी अधिकृतपणे उपयोग होत नाही. जेईई मेनला बसण्यासाठी विद्यार्थी बारावी उत्तीर्ण झालेला किंवा त्या वर्षी बारावीला बसलेला असावा लागतो. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शिवाय जेईईच्या प्रश्नपत्रिकेत अकरावी-बारावीचा आशय इतका दाट भरलेला असतो की तो न शिकलेल्या मुलाच्या विचारशक्तीला डोके वर काढायला जागा मिळत नाही. सॅटच्या गणितात रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, टक्केवारी व गुणोत्तरे, आकडेवारीचे वाचन आणि थोडी भूमिती असते. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या हिशेबाने हा आशय साधारण आठवी ते दहावीत येतो आणि काही भाग अकरावीत जातो. सातवी पूर्ण करणाऱ्या मुलीसाठी हे माप पुरेसे लांब होते आणि तरीही हाताबाहेरचे नव्हते. मे महिन्यातील तारीख ठरली. तोवर तिला तेरा वर्षे पूर्ण झाली होती.

पूर्वतयारीबाबत मी एकच अट घातली होती. परीक्षेचे स्वरूप कळावे म्हणून संगणकावर एक सराव परीक्षा द्यायची, त्याखेरीज काहीही तयारी करायची नाही. शिकवून घेतले असते तर आम्ही शिकवणी मोजली असती. वडिलांनी तोवर अप्पा बळवंत चौकातून चांगले जाडजूड मार्गदर्शक पुस्तक आणलेही होते. ते कपाटावर ठेवून द्यावे, अशी मी विनंती केली आणि त्यांनी ती पाळली.

त्या सराव परीक्षेचे कच्चे कागद माझ्याकडे आहेत, आणि या प्रकरणात पुढे हाती आलेल्या गुणपत्रिकेपेक्षा मला ते अधिक मोलाचे वाटतात. ‘एफ ऑफ एक्स’ ही मांडणी, म्हणजे एक्स या संख्येवर एफ हा नियम चालवल्यावर येणारी संख्या, तिने तोवर कधीही पाहिलेली नव्हती. पहिल्यांदा ती समोर आली तेव्हा तिने एफ ही एक संख्या आणि एक्स ही दुसरी संख्या धरून गुणाकार मांडला, तो कुठेच जाईना, म्हणून आडव्या रेघेने खोडला आणि प्रश्न सोडून पुढे गेली. चार प्रश्नांनंतर एक तक्ता आला. त्यात एक्सच्या ओळीत १, २, ३ आणि एफ ऑफ एक्सच्या ओळीत ५, ७, ९ असे आकडे होते. तक्त्याशेजारी तिने पेन्सिलीने ‘दुप्पट + ३’ असे लिहिले आहे, त्याखाली ‘एफ = मशीन’ असे लिहून त्याभोवती चौकोन काढला आहे, आणि तेथून एक बाण मागे, त्या खोडलेल्या गुणाकाराकडे नेला आहे. सोडलेला प्रश्न मग तिने दोन ओळींत पूर्ण केला. अशा नियमाला गणितात फल म्हणतात, आणि ते म्हणजे काय, हे अकरावीच्या वर्गात समजावून सांगायला मला स्वतःला पुष्कळदा एक अख्खी तासिका लागलेली आहे.

त्याच कागदांवर दुसरीही गोष्ट दिसत होती. ‘ॲट मोस्ट’ या शब्दांचा अर्थ ‘जास्तीत जास्त’ असा न घेता तिने ‘जास्त’ असा घेतला होता, आणि त्यामुळे असमानतेचे चिन्ह दोन ठिकाणी उलटे पडले होते. मी तोच प्रश्न मराठीत वाचून दाखवला तेव्हा माझे वाक्य पूर्ण होण्याआधी तिने उत्तर सांगितले.

परीक्षेच्या दिवशी आजोबा, आई आणि वडील असे तिघेही केंद्रावर गेले होते. केंद्र घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला होते आणि बाकीचे परीक्षार्थी तिच्यापेक्षा चार-चार वर्षांनी मोठे होते. सॅट आता संगणकावर होते. एकूण वेळ २ तास १४ मिनिटे असतो, वाचन-लेखन आणि गणित या दोन्ही विभागांचे प्रत्येकी दोन भाग असतात, आणि पहिल्या भागातील कामगिरी पाहून दुसरा भाग अवघड द्यायचा की सोपा, हे संगणक ठरवतो. यातील शेवटची गोष्ट तिला आधी सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही. ती चूक सर्वस्वी माझी होती. बाहेर आल्यावर तिने आईला सांगितले की इंग्रजी छान गेले, दुसरा भाग तर अगदीच सोपा होता. गणित मात्र बिघडले, कारण दुसऱ्या भागात एकदम अवघड प्रश्न यायला लागले, म्हणजे पहिल्या भागात मी काहीतरी मोठे चुकले असणार. ती जे दोन निष्कर्ष घेऊन घरी गेली ते दोन्ही उलटे होते आणि जवळजवळ दोन आठवडे, निकाल लागेपर्यंत, तिने ते मनात बाळगले.

निकालात गणिताचे ८०० पैकी ६६० आणि वाचन-लेखनाचे ८०० पैकी ४३० गुण होते. या परीक्षेत प्रत्येक विभागाचे गुण २०० पासून सुरू होतात आणि अकरावी-बारावीच्या अमेरिकन विद्यार्थ्यांची सरासरी दोन्ही विभागांत पाचशेच्या आसपास असते. सातवी संपवलेली, परीक्षेतील निम्म्याहून अधिक गणित न शिकलेली मुलगी त्या सरासरीच्या बरीच वर होती. तिने मात्र ४३० हाच आकडा पाहिला. “बाई, मी नापास झाले ना?” हे तिचे फोनवरचे पहिले वाक्य होते. आयुष्यात कधी पैकीच्या पैकीहून कमी न पाहिलेल्या मुलीला चाचणीचा आकडा आणि स्वतःची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी शिकवावे लागते, आणि ते शिक्षण परीक्षेच्या अर्जासोबतच सुरू व्हायला हवे. आता मी कोणत्याही मुलाला अर्ज भरू देण्यापूर्वी ‘या परीक्षेत तुला बरेचसे येणार नाही, आणि नेमके काय येत नाही हेच आपल्याला पाहायचे आहे’ हे वाक्य त्याच्याकडून स्वतःच्या शब्दांत वदवून घेते.

त्या ४३० चा अर्थ लावताना विशेष काळजी घ्यावी लागली. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या, मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत हा अंक भाषिक क्षमता सांगत नाही, इंग्रजी किती कानावर आणि डोळ्यांखालून गेले आहे एवढेच सांगतो. पडताळा म्हणून मी तिला बारावीच्या पातळीचे तीन मराठी वैचारिक उतारे दिले. त्यांतील एका लेखकाचा मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात कसा घसरला आहे, हे तिने न विचारता दाखवले. गणिताच्या ६६० मध्येही ‘ॲट मोस्ट’सारख्या शब्दांनी थोडी घट केली असणारच. परदेशात तयार झालेले माप आपल्या मुलांना लावताना त्या मापावर भाषेचा किती गंज चढला आहे हे पाहिले नाही, तर मराठी शाळांतील कितीतरी मुले ‘साधारण’ या शिक्क्याखाली दडपली जातील, आणि ही भीती मला कल्पनेतली वाटत नाही.

निकाल कोणालाही कळवायचा नाही असे ठरले होते, पण आजोबांनी सोसायटीत सांगितले आणि चार दिवसांत त्या शिकवणीवर्गापर्यंत बातमी गेली. मुलगी तेथे एक दिवसही शिकलेली नसताना तिचा फोटो आणि गुण फ्लेक्सवर लावण्याची परवानगी त्यांनी मागितली आणि बदल्यात पूर्ण फी माफ करण्याची तयारी दाखवली. तीन महिन्यांच्या पगाराचा प्रश्न असल्यामुळे वडिलांना नाही म्हणणे सोपे नव्हते, आणि त्यांनी दोन रात्री विचार केला हे मी मुद्दाम नोंदवते. नकार शेवटी आईने दिला. “आज फ्लेक्सवर चढली, तर उद्या एक मार्क कमी पडला की तिला कुणी उतरवायचं?” असे त्या म्हणाल्या.

‘मग मी आता कॉलेजात जायचं का?’ हा मुलीचा प्रश्न गंभीरपणे विचारात घेतला गेला. जोसेफ बेट्सला मिळालेली वाट आपल्याकडील प्रवेशाचे नियम उघडत नाहीत. पण नियम नसते तरीही या मुलीसाठी मी ती सुचवली नसती. तिची पोच एका विषयात पुढे होती, बाकी सर्व बाबतींत ती खो-खोच्या संघात धावणारी, दोन मैत्रिणींशिवाय डबा न खाणारी तेरा वर्षांची मुलगी होती. म्हणून इयत्ता तीच ठेवायची आणि गणित तेवढे पुढे न्यायचे, असे ठरले. फाउंडेशन बॅचला अर्थातच नकार गेला. तेथे तिला आठवीचे गणित वेगाने आणि नववीचे गणित पाठ करून मिळाले असते, आणि तिला वेगाची गरज नव्हतीच.

शाळेत मात्र खरी अडचण वेळापत्रकाची निघाली. आठवीतल्या मुलीला नववीच्या गणिताच्या तासाला बसवायला मुख्याध्यापिका लगेच तयार झाल्या, परंतु तो तास आठवीच्या मराठीच्या तासावर येत होता आणि मराठीचा तास सोडायला मुलगी तयार नव्हती. शेवटी आठवीच्या गणिताच्या तासांपैकी आठवड्याला तीन तास तिने ग्रंथालयात बसायचे, नववीचे ‘गणित भाग १’ घ्यायचे, प्रत्येक प्रकरणाआधी चाचणी द्यायची आणि जे येते ते वगळून उरलेलेच शिकायचे, अशी तडजोड झाली. संच आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे यांना मिळून चार तास लागले. वास्तव संख्यांना मात्र तीन आठवडे लागले, कारण वर्गमूळ दोन ही अपरिमेय संख्या आहे हे मान्य करण्याआधी तिला ते पटवून हवे होते. बीजगणित दिवाळीपूर्वी संपले.

‘गणित भाग २’, म्हणजे भूमिती, उघडल्यावर प्रथमच ती अडखळली. उत्तर तिला दिसे, सिद्धता लिहिता येत नसे. ‘दिसतंय ना बाई, मग लिहायचं कशाला?’ हा प्रश्न तिने मला किमान दहा वेळा विचारला असेल. पर्याय निवडायच्या किंवा आकडा भरायच्या परीक्षेत हा दोष उघड होत नाही. ६६० गुणांच्या आड तो व्यवस्थित लपलेला होता. माझ्या मते हीच या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा आहे, आणि सॅटच्या अंकावर विसंबून आम्ही तिला आणखी दोन इयत्ता पुढे ढकलले असते तर ही फट तिच्यासोबत वाढत गेली असती. त्यानंतर दर रविवारी ती, शाळेतील आणखी दोन मुले आणि मी असे दोन तास बसू लागलो. नियम एकच होता : उत्तर सांगायचे नाही, शेजारच्याला पटेल असे कारण लिहायचे.

आठवीत असताना तिने गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम ही परीक्षा दिली आणि पुढच्या फेरीसाठी तिची निवड झाली नाही. हॉलमधून ती आली ती एका न सुटलेल्या प्रश्नाविषयी बोलतच. तिसऱ्या रविवारी त्याची सिद्धता तिने फळ्यावर लिहिली, मधल्या पायरीला शेजारच्या मुलाने हरकत घेतली, आणि तिने ती पुसून पुन्हा लिहिली. त्या दिवशी निकालाचा विषय कोणी काढला नाही.

यंदाच्या जूनमध्ये ती नववीत गेली. मुख्याध्यापिकांनी नवे वेळापत्रक करताना नववी आणि दहावीचे गणिताचे तास एकाच वेळी ठेवले आहेत, त्यामुळे आता ती दहावीच्या वर्गात बसते आणि रविवारी येणाऱ्या दोन मुलांपैकी एक जण तिच्यासोबत जातो. मराठीचा तास जागच्या जागी आहे. कपाटावरचे ते जाड पुस्तक वडिलांनी मध्यंतरी खाली काढले. त्यातील प्रश्न ते स्वतः रात्रपाळीहून आल्यावर सोडवतात आणि अडले की तिला विचारतात.